साफ करायची टेप

“चपला बाहेर, मॅडम. आत धूळ चालत नाही.”

काळबांडे साहेबांचं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नमस्कार त्यानंतर झाला. मी चपला काढून सर्व्हरच्या खोलीत पाय टाकला तर फरशी बर्फाची लादी. एसी कुरकुरत होता. प्रत्येक यंत्रावर मापाने शिवलेलं कापडी कव्हर होतं आणि कव्हरच्या कोपऱ्यावर त्या यंत्राचं नाव मराठीत भरतकाम केलेलं. टेपच्या यंत्रावर लिहिलं होतं, ‘फीतयंत्र’.

“हे तुम्ही करून घेतलंत?”

“मग काय आपोआप होते?” साहेब म्हणाले. पण खूश झाले.

अकोल्यातल्या एका पदविका परीक्षा मंडळाचं हे ऑफिस. काळबांडे तिथले अधीक्षक. मी नागपूरच्या एका लहान कंपनीत नुकतीच लागले होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते, आणि बिघडलेलं यंत्र का बिघडलं ते शोधून सांगायचं हे माझं काम. ते मला मनापासून आवडायचं. माणसांपेक्षा यंत्रं बरी, ती खोटं बोलत नाहीत, असं त्या वयात मी सगळ्यांना ऐकवत असे.

मंडळात त्या वेळी वातावरण तापलेलं होतं. आदल्या वर्षीच्या निकालात काही मुलांचे गुण मागाहून वाढवले गेले, अशी तक्रार झाली होती. चौकशी समिती नेमली गेली आणि समितीने मूळ गुण मागितले. नवं सत्र सुरू होताना जुना सगळा डेटा टेपांवर उतरवायचा आणि सर्व्हर रिकामा करायचा, ही तिथली पद्धत. म्हणजे मूळ गुण होते फक्त टेपांवर. टेप म्हणजे गाण्याच्या कॅसेटची थोराड बहीण म्हणा. कपाटाच्या वरच्या खणातून त्या टेपा काढल्या, यंत्रात घातल्या, तर एकजात सगळ्या कोऱ्या निघाल्या.

यंत्र बिघडलं होतं, की कुणी टेपा पुसल्या होत्या? हे मला सांगायचं होतं.

खरं तर उत्तर काय यायला हवं ते परीक्षा नियंत्रकांनी आधीच ठरवलं होतं. डॉ. मोहरील त्यांचं नाव. त्यांनी मला त्यांच्या केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि दार लोटून घेतलं.

“गवई मॅडम, तुम्ही तरुण आहात, हुशार आहात. मी स्पष्टच बोलतो. त्या टेपांना हात लावणारी व्यक्ती एकच. आमच्या ऑपरेटर, इंगोले बाई. त्यांचा निलंबनाचा आदेश टाइप होऊन तयार आहे. पोलिसांतही द्यावं लागेल. फक्त तुमचा अहवाल आला की झालं. तीन वाजता समिती वर सभागृहात बसते आहे.”

“आणि यंत्रच खराब निघालं तर?”

“निघालं तर तसं लिहा.” ते हसले. “पण नाही निघणार.”

बाहेर येताना काचेपलीकडे एका स्टुलावर बसलेली बाई दिसली. चाळिशीची असेल. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. आदल्या दिवसापासून तिला सर्व्हरच्या खोलीत जायला बंदी होती, पण ऑफिसात हजर राहायचीही सक्ती होती. म्हणून ती तिथे बसून होती. येणारे-जाणारे तिच्याकडे न बघता बघत होते.

मी कामाला लागले. माझ्याकडची चाचणीची टेप घातली, तिच्यावर लिहिलं, परत वाचलं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. पुन्हा केलं, वेगळ्या टेपेवर केलं. यंत्र ठणठणीत होतं.

काळबांडे साहेब माझ्या खांद्यामागे उभे होते. खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची आणि कुणी आत असेल तर ते तिथून हलायचे नाहीत.

“काय करून राहिल्या मॅडम आता?”

“ड्रायव्हरच्या नोंदी वाचतेय.”

“ड्रायव्हर? गाडीचा?”

“नाही हो. सर्व्हर आणि हे तुमचं फीतयंत्र यांना एकमेकांची भाषा येत नाही. मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. सर्व्हर काय बोलला, यंत्राने काय उत्तर दिलं, कुठे कुरकुर केली, ते सगळं तो टिपून ठेवतो.”

“सगळं?” साहेबांनी विचारलं. “कोण बसलं होतं, ते पण?”

मी मान वर केली. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता.

“कोणाच्या नावाने काम झालं, ते कळतं,” मी म्हणाले.

“अस्सं,” म्हणून ते एसीचं तापमान बघायला गेले. ते मघाशीच बघून झालं होतं.

नोंदी लांबलचक होत्या. महिन्यामागून महिने तेच ते. टेप आली, लिहिलं, टेप गेली. आणि मग, काही आठवड्यांपूर्वीच्या एका दुपारी, सगळं बदललं. टेप आत. खोडण्याची आज्ञा. आज्ञा पूर्ण. टेप बाहेर. दुसरी टेप आत. खोडण्याची आज्ञा. पूर्ण. बाहेर. तिसरी. एकामागून एक, अख्खा खण संपेपर्यंत. लॉगिन इंगोले बाईंचं.

यंत्राने माझं काम फारच सोपं केलं होतं.

मोहरील साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावर हलकेच थाप मारली. “बघा! मी काय म्हणत होतो? आता अहवालात एवढंच लिहा, की टेपा हेतुपुरस्सर पुसल्या गेल्या. तारीख सध्या कुणाला बोलू नका. काळबांडेंनासुद्धा नाही. जुन्या माणसांची तोंडं सैल असतात.”

“‘हेतुपुरस्सर’ हे नोंदींत नाहीये, सर. ‘खोडल्या’ एवढंच आहे.”

“अहो, एवढ्या टेपा काय चुकून खोडतात? एखादी चुकून होईल. तुम्ही विज्ञानाच्या आहात नं? शक्यता काढा.”

बोलणं बिनतोड होतं. मी परत येऊन अहवाल लिहायला घेतला आणि पहिल्याच परिच्छेदात अडले.

टेप आत गेली की यंत्र तिची सुरुवात वाचून बघतं. टेपेवर काहीच नसेल तर ‘कोरी’ अशी तक्रार करतं आणि ड्रायव्हर ती टिपतो. त्या दुपारच्या नोंदींत ही तक्रार मधेमधे येत होती. टेप आत. कोरी. खोडण्याची आज्ञा. पूर्ण. म्हणजे जिच्यावर कधी काही लिहिलंच नव्हतं, अशा नव्याकोऱ्या टेपाही कुणीतरी खोडत बसलं होतं. एक टेप तर दोनदा खोडली होती.

पुरावा नष्ट करायला आलेला माणूस कोऱ्या टेपा कशाला पुसेल? त्याला तर घाई असणार. इंगोले बाईंना कोरी कुठली आणि भरलेली कुठली हे झोपेतही ठाऊक असणार. मग त्यांच्या नावाने हे कोण करत होतं? आणि का?

मी चहाचा बहाणा करून बाहेर गेले आणि इंगोले बाईंच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

“तुम्ही माझ्याशी बोलू नका,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “तुमच्यावरच बालंट येईल.”

“मी नागपूरची. माझं इथे काय वाकडं होणार?”

त्यांना किंचित हसू आलं. “काय निघालं?”

“यंत्र चांगलं आहे.”

त्यांचं हसू मावळलं. त्या पर्सची चेन पुढे-मागे करत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “चांगलं कसं असेल? त्याचा तो पिवळा दिवा लागला होता नं. साफसफाई मागत होतं ते. तसल्या खराब यंत्रात टेप घातली तर बिघडणारच की! तेच लिहा नं मॅडम. यंत्र खराब होतं म्हणून.”

पिवळा दिवा. वाचणाऱ्या भागावर मळ साठला की यंत्र तो दिवा लावतं, आणि तेही नोंदलं जातं. मी आत जाऊन पाहिलं. अलीकडे तो दिवा एकदाच लागला होता. त्या खोडाखोडीच्या दिवशी सकाळी. आणि त्याच दुपारी विझला होता.

मी पुन्हा बाहेर आले.

“बाई, तुम्ही मधे रजेवर होतात का?”

“हो. मूर्तिजापूरला. भावाच्या मुलीचं लग्न होतं.” त्यांनी सांगितलेल्या दिवसांत ती दुपार बरोबर मधोमध बसत होती. “काऊन विचारता?”

“मग तो पिवळा दिवा तुम्ही कधी पाहिलात?”

त्यांची चेन थांबली.

“तुम्ही यायच्या आधीच तो विझला होता,” मी म्हणाले. “तुम्हाला माहीत कसा?”

“मी... आल्यावर पाहिला असेल.”

“नाही पाहिला. तेव्हा तो लागलेला नव्हता.”

“तुम्हीही त्यांच्यातल्याच निघाल्या,” त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते रागाने की भीतीने, मला ओळखता येईना. एवढं मात्र कळलं की बाई खोटं बोलत होत्या. एक तर लग्न सोडून त्या अकोल्यात येऊन गेल्या होत्या, नाहीतर इथल्या कुणीतरी त्यांना त्या दिव्याबद्दल सांगितलं होतं. म्हणजे दोघं मिळून? त्या क्षणी मोहरील साहेबच बरोबर आहेत असं मला वाटू लागलं.

आत काळबांडे साहेब फडक्याने कपाट पुसत होते. पुसून झालेलं कपाट.

“काय म्हणत होती बाई?”

“काही नाही. लग्नाचं सांगत होत्या.”

“लग्नाचं?” त्यांचा हात कपाटावरच थांबला. “एवढंच?”

“आणखी काय सांगायला हवं होतं, साहेब?”

“छे. मी आपलं विचारलं.”

मी पुन्हा नोंदींकडे वळले. आता खोडण्याच्या ओळी न बघता त्यांच्या मधल्या ओळी बघायला लागले. प्रत्येक टेप आत गेल्यावर यंत्र आपलं गाऱ्हाणं पुन्हा सांगत होतं, साफसफाई हवी, साफसफाई हवी. प्रत्येक खोडण्यानंतर दिवा लागलेलाच होता. आणि सगळ्यात शेवटची ओळ. ती मी आधी पाहिली होती, पण खोडण्याची नसल्यामुळे सोडून दिली होती. शेवटी आत गेलेली वस्तू टेप नव्हतीच. दिसायला तशीच असते, पण तिच्यात डेटा राहत नाही. ती आत गेली की यंत्राचं डोकं घासून पुसते आणि आपोआप बाहेर येते. ती आत गेली, साफसफाई झाली, दिवा विझला.

आणि त्यानंतर काही नाही. त्या दुपारी यंत्राला पुन्हा कुणी हात लावला नव्हता.

मी खुर्चीला टेकून बसले. कोऱ्या टेपा का पुसल्या, त्याचं उत्तर समोर होतं. तो जो कोणी होता त्याला टेपांशी काही देणंघेणंच नव्हतं. त्याला दिवा विझवायचा होता. तो दिव्याकडे बघत होता. दिवा विझेना म्हणून पुढची टेप, तरी विझेना म्हणून त्याच्या पुढची. विझला तेव्हा तो उठला.

खोलीची किल्ली एकाच माणसाकडे होती. तो माझ्या मागे उभा राहून कपाट पुसत होता.

सरळ विचारलं असतं तर ते सावध झाले असते. “साहेब,” मी म्हणाले, “या यंत्राची निगा फार छान ठेवलीय. आतून साफ कोण करतं? इंगोले बाई?”

“बाईच करतात.” मग फडक्याची घडी करत, “पण अडलं तर मलाही येते.”

“हो? दाखवाल? आमच्याकडे भल्याभल्यांना जमत नाही.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. “हे कुठं लिहू नका बरं का. बाईंच्या पासवर्डनं उघडावं लागते. आणि पासवर्ड कोणाला सांगायचा नाही, असा नियम मीच काढलेला.” त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. नियम चौकटीत लावलेला होता, खाली त्यांची सही. “पण बाई रजेवर, दिवा लागलेला. मोहरील साहेब म्हणाले हे चालू पाहिजे. मग काय करता? फोन केला बाईंना. लग्नघरी. मागे बँड वाजून राहिला होता, धड ऐकू येईना.”

“काय म्हणाल्या त्या?”

“म्हणाल्या, घाबरू नका साहेब, वरच्या खणात साफ करायची टेप आहे, ती घाला, दिवा आपोआप जाईल.”

मी माझी चाचणीची टेप त्यांच्या हातात ठेवली. “समजा, आत्ता दिवा लागलाय. दाखवा.”

त्यांनी खिशातून रुमाल काढून टेप चारी बाजूंनी पुसली. मग देवाला फूल वाहावं तशी अलगद आत सरकवली. की-बोर्डसमोर बसले. पडद्यावर मेनू आला. तो त्यांच्याच आग्रहाने मराठीत करून घेतलेला होता, फक्त अक्षरं इंग्रजी. एक, बॅकअप घ्या. दोन, टेप तपासा. तीन, टेप साफ करा.

त्यांनी तीन दाबलं. मेनूने विचारलं, नक्की? त्यांनी हो म्हटलं.

“झालं. आता हिच्यावरची धूळबीळ सगळी निघून जाते. त्या दिवशी एकीनं जमलं नाही. खणातल्या कोणत्या टेपेला धूळ असेल, सांगता येते का? सगळ्याच साफ करून टाकल्या. अर्धा दिवस गेला, जेवलो नाही. पण शेवटच्या टेपेला गेला बरं दिवा.”

माझ्या लॅपटॉपवर नवी ओळ उमटली होती. खोडण्याची आज्ञा. पूर्ण.

“साहेब...” मी म्हणाले.

दार उघडलं. इंगोले बाई चपलांसकट आत आल्या होत्या. काचेतून त्यांनी सगळं पाहिलं असणार. “तीन नंबर?” त्या जवळजवळ ओरडल्या. “साहेब, तुम्ही तीन नंबर दाबला होता?”

“चपला!” काळबांडे म्हणाले.

“मी म्हटलं होतं साफ करायची टेप घाला!”

“तेच तर केलं नं बाई! टेप साफ केली!”

“अहो, साफ करायची टेप! साफ करणारी! यंत्राला साफ करणारी टेप! निळ्या डबीतली, एकच आहे ती!”

“मग साफ करणारी म्हणायचं होतं! साफ करायची म्हणजे जी साफ करायची ती. भांडी घासायचीत म्हटलं तर कोण भांड्यानं घासते?”

“आमच्या घरी भांडी घासायची घासणी म्हणतात!”

क्षणभर दोघं तावातावाने एकमेकांकडे बघत राहिले. त्या भांडणात मला हसू येत होतं, आणि मग काळबांडे साहेबांचा चेहरा पाहिला. त्यांना अजून अर्धंच कळलं होतं.

“मग तीन नंबरनं काय होते?” त्यांनी मला विचारलं.

“टेपेवरचा मजकूर जातो, साहेब.”

“सगळा?”

“सगळा.”

ते खुर्चीत बसले नाहीत. उभेच राहिले, दोन्ही हात लोंबत सोडून. “म्हणजे ते मीच,” ते म्हणाले. “आणि काल मी यांच्या निलंबनाचा आदेश टाइप केला. दोनदा वाचून पाहिला, शुद्धलेखनासाठी.”

“मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलं,” इंगोले बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. “तुम्ही फोन केला, पासवर्ड घेतला, आणि मग टेपा कोऱ्या निघाल्या. मी तोंड उघडलं असतं तर पासवर्ड दिला म्हणून मीच अडकले असते. तुमच्याच नियमानं.”

“आणि मी फोनचं सांगितलं असतं तर मी अडकलो असतो. माझ्याच नियमानं.” काळबांडे माझ्याकडे वळले. “पण मॅडम, शपथेवर सांगतो, टेपांशी याचा काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तर यंत्र साफ केलं होतं.”

मी मान डोलावली. त्या कोऱ्या टेपा त्यांची साक्ष देत होत्या. पण तेवढ्यात मला दुसरंच काहीतरी दिसलं होतं. प्रत्येक खोडण्याला लागलेला वेळ. पूर्ण टेप पुसायला तास जातात. इथे टेपा आत घालण्या-काढण्यात वेळ गेला होता, खोडणं मात्र दर वेळी काही क्षणांत उरकलं होतं.

“थांबा,” मी म्हणाले. “सगळा मजकूर जातो हे चुकलं माझं. मेनूने झटपट खोडलंय. म्हणजे टेपेच्या सुरुवातीला ‘इथे मजकूर संपला’ अशी खूण टाकलीय, बस्स. समजा, पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ‘समाप्त’ लिहिलं. यंत्र आज्ञाधारक, ते पुढे वाचत नाही. पण पुढची पानं आहेत. पुण्यात अशी प्रयोगशाळा आहे जिथे ती वाचून काढतात.”

“म्हणजे गुण आहेत?” इंगोले बाईंनी विचारलं.

“पहिला थोडा भाग सोडला तर सगळे असावेत. फक्त त्या टेपांवर आता कुणी काहीही लिहिता कामा नये.”

काळबांडे साहेब भिंतीचा आधार घेऊन खाली बसले, त्या थंडगार फरशीवर. चेहरा ओंजळीत घेतला. इंगोले बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग पर्समधून पाण्याची बाटली काढून त्यांच्यासमोर ठेवली.

अहवाल मी तिथेच बसून लिहिला. यंत्र निर्दोष. टेपा समजुतीच्या घोटाळ्यातून खोडल्या गेल्या, ते कशावरून. शेवटी एक ओळ, मजकूर प्रयोगशाळेत परत मिळवता येण्यासारखा आहे. छापून मोहरील साहेबांच्या हातात दिला तेव्हा समितीची माणसं वर जात होती. काळबांडे आणि इंगोले बाईही केबिनमध्ये आले होते.

मोहरील साहेबांनी पहिलं पान वाचलं. चकित झाले, काळबांडेंकडे पाहिलं, चक् चक् केलं. “अरे अरे. काळबांडे, या वयात? बरं, असो. चूक ती चूक. बाईंचा आदेश रद्द करू. चला, निष्पन्न झालं, कुणाचा वाईट हेतू नाही.” ते अगदी दिलखुलास बोलत होते. तारीख लपवायला सांगितली म्हणून त्यांच्याबद्दल आलेल्या शंकेची मला लाज वाटली.

मग त्यांनी पान उलटलं.

त्यांना ती ओळ वाचायला वेळ लागला. एकाच ओळीला लागावा त्यापेक्षा पुष्कळ जास्त.

“ही शेवटची ओळ कशासाठी?”

“खरं आहे म्हणून, सर.”

“तुम्हाला विचारलं होतं यंत्र बिघडलं का. तेवढं सांगून झालं. आता समितीसमोर जुनी टेप, नवी टेप, प्रयोगशाळा... विषय वाढतो. माणसं आधीच दमलीत.” त्यांनी पेन उघडलं. “मी ही ओळ काढतो. तुम्ही बाजूला सही करा. आणि काळबांडे, त्या टेपा इथे आणून ठेवा, माझ्या कपाटात. मी बघतो पुढचं.”

दोन मिनिटांपूर्वीपर्यंत जो माणूस एका बाईला पोलिसांत द्यायला निघाला होता, त्याला आता कुणालाही काहीही त्रास द्यायचा नव्हता. मी सही केली नाही. पेनाचं टोक कागदाला टेकलं.

“ओळ राहू द्या साहेब,” काळबांडे म्हणाले.

“काय?”

“मॅडमनी लिहिलंय ते राहू द्या.” ते पुढे झाले आणि साहेबांच्या हाताखालून कागद ओढून घेतला. एवढी वर्षं त्या माणसाने वरिष्ठांच्या टेबलावरचा कागद न विचारता उचलला नसेल.

“काळबांडे, तुम्ही समितीसमोर कोण म्हणून उभे राहणार आहात, कळतंय का? नियम मोडणारा म्हणून. मी तुम्हाला वाचवून राहिलो आहे.”

“कळते नं.”

“मग टेपा इकडे द्या.”

टेपा आम्ही येतानाच खोक्यात भरून केबिनबाहेर आणून ठेवल्या होत्या. काळबांडेंनी ते खोकं उचलून छातीशी धरलं.

“नाही साहेब. या टेपा माझ्या हातून गेल्या. आता समितीकडे जातील त्याही माझ्याच हातून.”

ते जिना चढू लागले. आम्ही दोघी मागे गेलो. सभागृहाचं दार त्यांनी कोपराने ढकललं आणि आत जाऊन ते मागे लोटायचं राहिलं. दाराबाहेर उभ्या राहून आम्हाला सगळं ऐकू येत होतं. आधी त्यांनी आपलं नाव आणि हुद्दा सांगितला. मग फोन, पासवर्ड, तीन नंबर. एकही गोष्ट त्यांनी गाळली नाही. आत कोणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं.

“म्हणजे मूळ गुण गेले?” समितीच्या अध्यक्षांचा आवाज.

“नाही. आहेत. या खोक्यात आहेत.”

खाली आवारात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. इंगोले बाईंनी जिन्याच्या खिडकीतून वाकून पाहिलं आणि फाटकातून गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तशाच वाकून राहिल्या.

“मोहरील साहेबांची,” त्या म्हणाल्या.